वर गेलेलं बोट

बारामतीच्या शाळेत दर रविवारी पालकांचा वर्ग भरतो. ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा आहे ती, आणि मुलं ज्या खुणांच्या भाषेत बोलतात ती आम्हा आईबापांना शिकवायची म्हणून हा वर्ग. त्या वर्गात पहिला नंबर माझा. नंबर कुणी काढत नाही, पण मला माहीत आहे. अंजुम मॅडमनी प्रश्न विचारायचा अवकाश, माझं बोट वर. बाकीच्या बायका प्रश्न समजून घेत असतात तोवर माझं उत्तर हातांनी देऊन झालेलं असतं, आणि मागं वळून त्यांच्याकडे जरा हसूनही झालेलं असतं.

बारावीला मला चांगले मार्क होते. डी.एड. करायचं होतं. त्याच उन्हाळ्यात कळसचं स्थळ आलं आणि माळेगावची मी इंदापूर तालुक्यात येऊन पडले. पुस्तकं माहेरीच राहिली. पुढं संस्कृती झाली, तिला ऐकू येत नाही हे कळलं आणि रडण्यात बरेच दिवस गेले. मग ही शाळा मिळाली, शाळेबरोबर रविवारचा वर्ग मिळाला, आणि मला पुन्हा अभ्यासाची चटक लागली. खोटं कशाला बोलू? मुलीच्या दुखण्यामुळं का होईना, आपल्याला बाकावर बसायला मिळालं, याचा मला मनातून आनंदच झाला होता.

आमचे हे, म्हणजे लखन, ट्रॅक्टरवर असतात. ट्रॅक्टर घरचाच. हंगाम सुरू झाला की शेतातून कारखान्यावर ऊस न्यायचा, मागं दोन ट्रॉल्या जोडून. दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. ह्यांना ते असं जमतं की कारखान्याच्या यार्डातले ड्रायव्हर चहा ठेवून बघायला येतात. यार्डात इंजिनांचा इतका आवाज असतो की कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथं सगळे हातांनीच बोलतात. मागं तिथले जुनेजाणते इमामभाई उभे राहून दोन्ही तळवे छातीकडं ओढत राहतात, येऊ दे, येऊ दे, आणि मूठ आवळली की बास. हे सारं ह्यांना इमामभाईंच्या हातांकडं बघूनच आलं.

वर्ग सुरू झाला तेव्हा सुरुवातीला हेही माझ्या शेजारी बसायचे. एका रविवारी मॅडमनी मुलांना आत बोलावलं आणि ह्यांना म्हणाल्या, "दादा, संस्कृतीला जवळ बोलवा बरं." हे उठले, पाय फाकवून उभे राहिले आणि दोन्ही तळवे छातीकडं ओढायला लागले. संस्कृतीचा चेहरा असा फुलला! ती वळली, आमच्याकडं पाठ केली आणि मान मागं वळवून ह्यांच्या हातांकडं बघत ट्रॉलीसारखी उलट्या पावलांनी येऊ लागली. ह्यांनी मूठ आवळली, ती जागेवर थांबली. दोघांचा हा घरातला खेळ होता. वर्ग हसला. चांगलं हसला, कुचेष्टेनं नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, असं नसतं," मी उठून ह्यांची दोन्ही मनगटं धरली. "ही यार्डातली खूण झाली. गावठी. खरी खूण अशी करतात." आणि मी नीट करून दाखवली.

"व्हय का," हे म्हणाले, आणि हात खिशात घातले. पुढच्या रविवारपासून मला मोटारसायकलवरून शाळेत सोडायचं आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली मोबाईल बघत बसायचं, असं त्यांनी सुरू केलं. मॅडमनी दोनदा आत बोलावलं तर म्हणाले, "आमची ही शिकती की. मी पोचवतो." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

तेव्हापासून घरात बापलेकींचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. ती सुट्टीला आली की हातांनी काहीतरी सांगायची, आणि हे माझ्याकडं बघून विचारायचे, "काय म्हणती?" मी सांगायचे. हे काही बोलले की मी तिला खुणांनी सांगायचे. लांबलचक असलं तर मधलं गाळायचे. ती रुसून काही बोलली तर त्यातला रुसवा काढून टाकायचे. कधी हातात पीठ असलं तर "काय नाही, शाळेचं सांगतीये," म्हणून मोकळी व्हायचे. हे मान डोलवायचे. त्या दोघांच्या मधे आपण आहोत म्हणून हे घर चालतंय असं मला वाटायचं, आणि ते वाटणं मला आवडायचं.

यंदा संक्रांतीच्या सुट्टीला संस्कृती घरी येण्याआधी अंजुम मॅडमचा फोन आला. शाळेच्या संमेलनात प्रत्येक मूल आईवडिलांपैकी एकाला घेऊन स्टेजवर येणार होतं, आणि त्यांचं खुणेचं नाव सगळ्यांना सांगणार होतं. खुणेचं नाव म्हणजे या मुलांनी माणसाला ठेवलेलं नाव. कुणाच्या गालावरची खळी, कुणाची चालायची ढब, असलं काहीतरी पकडून मुलं ते ठेवतात. आपलं आपण ठेवून घेता येत नाही आणि नको म्हणून चालत नाही. संस्कृतीला मी माझं नाव किती वेळा विचारलं होतं. दर वेळी ती नाकाशी, चमकीच्या जागी बोट नेऊन म्हणायची, आई म्हणजे आई.

"आणि सोनल," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पालकांच्या वतीनं बोलायचं. शिकणारा म्हणून आपली भूमिका काय, आपली ताकद काय, एवढंच. तुमच्याइतकं चांगलं कोण बोलणार?"

मी फोन ठेवला तो भाषण मनात सुरू करूनच. चिकाटी, स्मरणशक्ती, लवकर समजण्याची हातोटी. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून मी ते तोंडानं आणि हातांनी पाठ केलं. स्टेजवर संस्कृतीबरोबर मीच जाणार हे धरूनच चालले होते. दुसरं कोण जाणार होतं?

सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. संस्कृतीनं ताट बाजूला सारलं आणि ह्यांच्या गुडघ्याला हात लावला. हे बघतायत याची खात्री करून तिनं खुणा केल्या. मिशीला पीळ दिल्यासारखी बोटं फिरवली, म्हणजे बाबा. मग शाळा, स्टेज, माझ्याबरोबर. येशील? ह्यांना मिशी नाही, पण ही खूण आपली आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणती?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. "विचारतीये, संमेलनाच्या रविवारी खेप आहे का म्हणून."

"हाय की. हंगाम हाय. पण..."

त्या 'पण'च्या पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. संस्कृतीकडं वळले आणि सांगितलं, बाबांना काम आहे, मी येते. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. हे तिच्याकडं बघून हसत होते. आपण कशाला नाही म्हटलंय हे त्यांना कुठं माहीत होतं! तिनं ताट पुढं ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागली. मला लाज वाटली. नाही असं नाही. पण भांडी घासून होईस्तोवर ती लाज मी बाजूला सारली होती. ह्यांना जमणार नाही, चारचौघांत हसं होईल, आपण त्यांची अब्रूच राखली, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे रिकामी ट्रॉली शेडात लावत होते. इंजिन चालू होतं. मी दारात तांदूळ निवडत होते. संस्कृती घरातून पळत गेली आणि शेडाच्या कडेला, ट्रॉलीपासून लांब पण ह्यांना आरशात दिसेल अशी उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले आणि तळवे छातीकडं ओढायला लागली. येऊ दे, येऊ दे. इमामभाई सोडले तर दुसऱ्या कुणाच्या इशाऱ्यावर गाडी मागं न घेणारा हा माणूस, त्यानं आरशात बघितलं आणि तिच्या हातांवर गाडी मागं घेतली. मी ओरडले, "अगं ए, बाजूला हो!" पण कोण ऐकणार? एकीला ऐकू येत नाही आणि दुसरा इंजिनाच्या आवाजात बसलेला. तिनं मूठ आवळली. ट्रॉली जिथं पाहिजे तिथं थांबली.

पण तिचे हात थांबले नाहीत. तिनं ह्यांच्याकडं बोट दाखवलं आणि पुन्हा तळवे ओढले. आता गाडीला नाही, त्यांना. मग शाळेच्या स्वेटरवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. शेडापुढच्या ओट्यावर चढली, एका कडेला सरकून उभी राहिली, आणि शेजारची मोकळी जागा दाखवून पुन्हा बोलावलं. येऊ दे, येऊ दे.

ह्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, ओट्यावर चढले आणि त्या मोकळ्या जागेत तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सोनल, ही मला बोलवतीया. संमेलनाला, स्टेजवर."

"व्हय," मी म्हटलं. घाबरले की माझंही शुद्ध बोलणं सुटतं.

"तू तर म्हनलीस खेपेचं इचारती."

"मला वाटलं तुमाला जमायचं न्हाय."

"जमलं नसतं तर माझं मी बघितलं असतं की." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही भांडले असते, भांडणात मी ऐकणारी नाही. ते ओट्याच्या कडेला बसले. हातांकडं बघत म्हणाले, "इतक्या वर्षांत काय काय म्हनली असंल गं ती मला?"

सुपातले तांदूळ मी उगाच इकडून तिकडं करत राहिले. ती काय काय म्हणाली होती ते मलाच आठवत नव्हतं. माझ्या त्या स्मरणशक्तीत तिचं ह्यांच्यासाठीचं बोलणं राहिलंच नव्हतं, पोचवलं न पोचवलं आणि विसरून गेले. संस्कृती आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघत होती. तिनं मला विचारलं, बाबा काय म्हणतात? मी हात सुपातल्या तांदळात खुपसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटत होतं.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "संमेलनापुरत्या खुणा मी शिकवते तुम्हाला."

"नगं," ते म्हणाले. "ती शिकवंल."

आणि तिनं शिकवलं. उरलेली सुट्टी दोघं ट्रॉलीच्या सावलीत बसून असायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. हे फार चुकत होते. तर्जनी उचलायची तिथं अंगठा उचलत होते, डावीकडचं उजवीकडं करत होते. माझे हात नुसते शिवशिवायचे. पण हे चुकले की तोंड वेंगाडून हसायचे आणि हात तिच्यापुढं धरायचे, ती बोटं सरळ करून द्यायची, आणि ते पुन्हा करायचे. एवढा मोठा माणूस, पण चुकायची त्यांना लाजच नव्हती. इमामभाईंच्या हातांकडं जसं बघत शिकले असतील तसंच तिच्या हातांकडं बघत होते. मी वर्गात इतकी वर्षं बसले, पण असं कुणाच्या हातांकडं बघितल्याचं मला आठवत नाही. मी बघायचे ते मॅडम माझ्याकडं बघतायत का, एवढंच. मला भाषा आली होती, पण ती माझ्या कौतुकाच्या कामी आली होती. पोळी तव्यावर करपली तेव्हा मी भानावर आले.

संमेलनाच्या रविवारी ह्यांनी खेप दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. शाळेच्या पटांगणात मांडव होता. मी पहिल्या रांगेत बसले, वर्गातल्या बायका माझ्या मागं. एकेक मूल येत होतं, आणि अंजुम मॅडम मुलांच्या खुणा माईकवर बोलून सांगत होत्या.

संस्कृती ह्यांचा हात धरून आली. म्हणाली, हे माझे बाबा. आणि त्यांचं नाव म्हणून तिनं पाय फाकवले आणि दोन्ही तळवे छातीकडं ओढले. मांडवात निम्मी माणसं उसाच्या पट्ट्यातली. त्यांनी ती खूण लगेच ओळखली. "येऊ द्या, येऊ द्या!" कुणीतरी मागून ओरडलं आणि टाळ्या पडल्या. हे लाजून हसत होते. ज्या खुणेला मी भर वर्गात गावठी म्हणून मनगटं धरली होती, ती माझ्या नवऱ्याचं नाव होती.

मग तिनं माझ्याकडं हात केला. ती माझी आई. आणि तिनं बोट वर केलं. नुसतं वर केलं नाही. टाचा उचलल्या, दंड कानाला लागेस्तोवर ताणला, मान वळवून इकडंतिकडं बघितलं आणि जरा हसली. हुबेहूब मी. माझ्या मागच्या बायका इतक्या हसल्या की खुर्च्या वाजल्या.

"वा! हुशार आई, कायम बोट वर!" मॅडम माईकवर म्हणाल्या. त्यांनी कौतुकानंच म्हटलं. पण संस्कृतीचं संपलं नव्हतं. तिनं हात खाली आणून, छातीशी धरून, लहान लहान खुणांत पुढचं सांगितलं. मी बाबांना विचारते, बोट आईचं वर जातं. मॅडमनी माईक तोंडाशी नेला, माझ्याकडं बघितलं आणि माईक खाली घेतला. ते वाक्य त्यांनी बोलून दाखवलंच नाही. मांडवात ते त्यांना, मला, मुलांना आणि फार तर मागच्या एकदोन बायकांना कळलं. पदर सारखा करायच्या निमित्तानं मी खाली बघत राहिले.

"आता बाबांना एक प्रश्न," मॅडम म्हणाल्या, आणि तोंडानं न विचारता त्यांनी तो नुसत्या खुणांनी विचारला. शिकणारा म्हणून तुमची ताकद काय? ह्यांना तो कळला नाही. ते गडबडले, आणि सवयीनं त्यांची नजर स्टेजवरून खाली माझ्याकडं आली. काय म्हणती, हेच त्या नजरेत होतं.

मी वर बघितलं तेव्हा संस्कृती माझ्याकडं नाही, माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी बघत होती. माझं बोट वर गेलेलं होतं. कधी गेलं मला कळलंसुद्धा नव्हतं. अख्ख्या मांडवात तेवढं एकच बोट. मी ते खाली ओढलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसले.

तिनं ह्यांची बाही ओढली, प्रश्न पुन्हा करून दाखवला, सावकाश. ह्यांनी बघितलं. मग उत्तर द्यायला लागले, अडखळत. मी. येत नाही. ही शिकवते. चौथ्या शब्दाला बोट चुकलं. तिनं तिथंच, सगळ्यांच्या देखत, त्यांचं बोट धरून सरळ केलं, आणि ते न बिचकता पुढं गेले. मी शिकतो. एवढंच त्यांचं भाषण. टाळ्यांऐवजी मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्यात तशीच दाद देतात. पुढं माझं नाव पुकारलं. माझं भाषण तोंडपाठ होतं. मी बसल्या जागेवरून मान हलवली, नाही म्हणून.

निघताना शाळेच्या फाटकाशी बापलेक बराच वेळ बोलत उभी होती. शाळेच्या खुणा, यार्डातल्या खुणा, सगळं एकात एक. मधेच दोघंही पोट धरून हसली. मी पिशवी घेऊन मोटारसायकलपाशी उभी होते. काय चाललंय ते मला धड कळेना. शेवटी राहवलं नाही.

"काय म्हणती?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी वळून बघितलं. टोमणा मारायचा स्वभाव नाही त्यांचा. सरळच म्हणाले, "तिलाच इचार की."

मी पिशवी खाली ठेवली. तिच्यासमोर गेले आणि विचारलं. संस्कृतीनं थोडा विचार केला आणि मला सांगायला लागली. सावकाश, एकेक खूण सुटी करून, मधे थांबून, कळतंय ना बघत. वर्गात नव्यानं आलेल्या आईबापांशी मॅडम बोलतात तशी. तरीही मधल्या यार्डातल्या खुणांमुळं मला निम्मंच कळलं. 'कळलं नाही, पुन्हा सांग' हे वर्गात सगळ्यात आधी शिकवतात. मला ते कधी वापरावंच लागलं नव्हतं. मी हात उचलले. आणि ती पहिल्या दिवशीची खूण माझी चुकली.

संस्कृती पुढं आली आणि तिनं माझं बोट धरून सरळ केलं.